मुक्काम पोस्ट गोठणगाव : विदर्भातल्या खासदारांना खुले पत्र

माननीय खासदार महोदय,

सप्रेम नमस्कार.

विदर्भातून आपण दहा जण लोकसभेत जाता. हे पत्र त्या दहाही जणांना आणि आपल्या भागातल्या राज्यसभा सदस्यांना आहे. भंडारा-गोंदियाच्या खासदारांना अर्थातच आधी, कारण गोष्ट त्यांच्या मतदारसंघातल्या तिबेटी निर्वासितांच्या राहण्याच्या हक्काची आहे. पण कायदा दिल्लीत बदलतो आणि तिथं एका हातानं काही होत नाही, म्हणून सगळ्यांनाच लिहितो आहे.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. घर शेतकऱ्याचं, धान इटियाडोहच्या पाण्यावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. प्रतापगडच्या (साताऱ्याच्या नव्हे, आमच्याच तालुक्यातल्या) किल्ल्याच्या आसऱ्याला, गोठणगावाजवळ, नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली वसली. तेव्हा गोंदिया जिल्हाही नव्हता, आम्ही सगळे भंडाऱ्यात होतो. म्हणजे गोंदिया जिल्ह्यापेक्षा ही वसाहत सत्तावीस वर्षांनी मोठी आहे.

तिथला एक माणूस माझा लहानपणापासूनचा मित्र. महाशिवरात्रीच्या यात्रेत आम्ही दोघं पोरं हरवलो होतो, एकाच पोलिसानं दोघांना एकाच खांबाला टेकवून बसवलं होतं. तिथून ओळख. आज दोघांचेही केस पांढरे. तो माझ्याशी झाडीबोलीत बोलतो, आणि माझ्यापेक्षा चांगली बोलतो, कारण माझी भाषा शाळेनं बिघडवली. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याच्या कागदावर नावाचा उपयोग कमी आणि तारखेचा जास्त आहे.

गेल्या वर्षी त्याच्यासोबत जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो होतो. अर्जुनीहून सकाळची गाडी धरली. मांडीवर मेणकापडाची पिशवी आणि पिशवीत त्याचं नोंदणी प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र म्हणजे परदेशी माणूस म्हणून झालेली नोंद, आणि ती मुदतीची असते. पूर्वी दर वर्षी नूतनीकरण करावं लागे, आता बऱ्याच जणांना पाच वर्षं मिळतात. आधीच्या पुस्तकाची पानं त्यानं दोऱ्यानं शिवून ठेवली आहेत. कडा हाताळून मऊ पडलेल्या, शिक्क्यांची जांभळी शाई कुठं कुठं पसरून मागच्या पानावर उमटलेली. एका पानावर भाताच्या पेजेचा डाग. त्याची आई आजारी असताना तिला भरवता भरवता कुणाला तरी दाखवायला पुस्तक काढलं होतं, तेव्हाचा.

खिडकीपलीकडच्या मुलानं विचारलं, "मूळ गाव?"

मित्र म्हणाला, "गोठणगाव."

"ते नाही काका. मूळचं. तुम्ही आले कुठून?"

मुलगा उद्धट नव्हता. रकाना भरत होता. पण मित्र गप्प झाला. काम झालं, बाहेर आलो, चहा घेतला. मग म्हणाला, "गुर्जी, मी कोटून आलो ते मले बी धड सांगता येत नाई. आई आली चालत. मी त इकडंच जलमलो."

त्याची आई लासा सोडून डोंगर ओलांडून आली, दलाई लामा भारतात आले त्याच्या पुढच्या वर्षी, १९६० साली. हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्या रस्त्याकडेच्या तंबूत १९६३ साली हा जन्मला. तंबूत जन्मलेल्या पोराचा दाखला कोण देणार? नंतर कधीतरी नोंदणी झाली तेव्हा लिहिणाऱ्यानं साऱ्या कुटुंबाला एकच जन्मठिकाण लावलं : तिबेट. नऊ वर्षांचा असताना तो आमच्याकडं आला. तिबेट त्यानं आजवर पाहिलेलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मी वकील नाही, पण त्या दिवसानंतर मी हे वाचत बसलो. नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक, आईबाप कुठलेही असोत. म्हणजे माझा मित्र जन्मापासून भारताचा नागरिक आहे आणि इतकी वर्षं परदेशी म्हणून नोंदवला जातो आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल डोल्कर यांच्या खटल्यात हेच सांगितलं, की या काळात इथं जन्मलेल्या तिबेटी व्यक्तीला पासपोर्ट नाकारता येत नाही. २०१६ साली त्याच न्यायालयानं पुन्हा सांगितलं. २०१४ साली निवडणूक आयोगानंही अशा लोकांना मतदार यादीत घ्यायला सांगितलं होतं.

पण परदेशी नाही हे सिद्ध करायचं कुणी? ज्याच्यावर प्रश्न आला त्यानंच. १९४६ च्या परदेशी व्यक्ती कायद्यात तसं होतं आणि त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन आणि परदेशी व्यक्ती कायद्यातही तसंच आहे. आपण संसदेत होता, आपल्याला ठाऊकच असेल. तंबूत जन्मलेल्या माणसानं पुरावा आणावा कुठून? ती खडी फोडणारी बाई गेली, तो मुकादम गेला, तंबू तर पहिल्याच बर्फात गेला असेल.

त्याची मुलगी १९९१ ची. आमच्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात जन्मली, तिचा दाखला स्वच्छ आहे, अक्षर सुंदर आहे. पण ती १ जुलै १९८७ नंतरची. तिच्यासाठी नियम वेगळा : आईबापांपैकी एक जण नागरिक पाहिजे. म्हणजे बापाचं सिद्ध झालं तर तिचं होणार. नाही झालं तर इथल्या दवाखान्याचा दाखला हातात असून ती परदेशी. तिची मुलगी, माझ्या मित्राची नात, २०१६ ची. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी घट्ट झाला आहे : एक पालक नागरिक पाहिजे आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. त्या पोरीचा बाप कर्नाटकातल्या बैलकुप्प्याच्या वसाहतीत जन्मला. कायद्यात बेकायदा स्थलांतरित म्हणजे कागदाशिवाय देशात प्रवेश केलेला किंवा मुदत संपूनही राहिलेला माणूस. जो इथंच जन्मला त्यानं प्रवेश कधी केला?

एका पडवीत आई, मुलगा, नात आणि पणती अशी चार माणसं मी स्वतः बसलेली पाहिली आहेत, म्हातारी असताना. चौघींना-चौघांना एकच शेगडी, एकच चहा, आणि कायद्याची चार वेगळी पानं.

त्या १ जुलै तारखेविषयी मला आणखी एक सांगायचं आहे, कारण ती माझ्या पेशाची तारीख आहे. आमच्या भागात जुन्या काळी पोरांच्या जन्मतारखा कुणाला माहीत नसत. बाप म्हणायचा, रोवणीच्या वेळी झाला, किंवा पूर आला त्या साली. आम्ही गुरुजी दाखल-खारीज रजिस्टरात लिहायचो : १ जुलै. पाचवीच्या एका वर्गात सोळा पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी, हे मी पाहिलं आहे, आणि त्यातले काही मीच लिहिलेले आहेत. शाळेत पोरगं बसावं एवढाच हेतू. आता कायद्यानं नेमक्या त्याच तारखेला रेघ मारली आहे. ३० जूनला जन्मलेला आपला आणि १ जुलैचा परका. एखाद्या गुरुजीनं सवयीनं लिहिलेली ती तारीख कुठल्या वसाहतीतल्या पोराच्या नशिबी आली असेल तर? हा विचार मनात आला त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपण राहण्याला काय म्हणतो ते बघा. पत्त्यावर लिहितो "मुक्काम पोस्ट". मुक्काम म्हणजे खरं तर वाटेत टेकणं. पालखीचा मुक्काम असतो, वऱ्हाडाचा मुक्काम असतो. पण तोच शब्द आपण जन्मभराच्या घराला लावतो आणि कुणाला खटकत नाही, कारण आपल्याकडं माणूस टेकला, पीक घेतलं, मयतीला खांदा दिला की तो गावाचा होतो. कायद्यात मात्र मुक्काम आणि घर यांच्यात खोल चर आहे. देशात कुठंही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे, पण तो फक्त नागरिकांना. जीविताचं संरक्षण देणारं एकविसावं कलम सगळ्या माणसांसाठी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत ते ठामपणे सांगितलं. पण परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, हेही त्याच न्यायालयानं १९५५ साली सांगून ठेवलं आहे. या दोहोंच्या मध्ये माझा मित्र राहतो. त्याला कुणी मारणार नाही, पण "तू इथला" असंही कुणी लिहून देणार नाही.

नव्या कायद्यासोबत निघालेल्या आदेशात १९५९ नंतर आणि ३० मे २००३ पर्यंत आलेल्या, नोंदणी झालेल्या तिबेटी लोकांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट दिली आहे. ती दिली हे चांगलंच झालं. पण सूट आणि हक्क यात फरक आहे. ती देणारा एका कागदानं मागे घेऊ शकतो. आपल्या देशानं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. त्यामुळं वर्षानुवर्षं सगळं चाललं आहे ते सरकारच्या चांगुलपणावर. तो चांगुलपणा खरा आहे, १९५९ पासून प्रत्येक सरकारनं तो दाखवला. मी त्याबद्दल मनापासून ऋणी आहे आणि माझा मित्र माझ्यापेक्षा जास्त.

मी जातीनं कोहळी. आमचे पूर्वज बाहेरून, काशीकडून आले असं आमच्यात सांगतात. गोंड राजानं आणलं. या रानात येऊन आम्ही तलाव बांधले, नवेगावचा बांध आजही त्याची साक्ष देतो. आणि गोंड राजांची रीत अशी होती, की जो रान तोडील, तलाव बांधील, त्याला ती जमीन. चांद्याकडं त्याला तुकुम म्हणत. राजानं विचारलं नाही तुमचे आजोबा कुठल्या तारखेला कुठं जन्मले. किती पाणी अडवलं ते पाहिलं. मी काही गोंडराज्य परत आणा म्हणत नाही. एवढंच सांगतो, की राहण्यावरून हक्क येतो ही कल्पना या मातीत आधीपासून आहे.

आमच्याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्याही वसाहती आहेत, अरुणनगर, गौरनगर. त्यांचे जातीच्या दाखल्याचे, जमिनीचे प्रश्न आहेतच आणि तेही सुटले पाहिजेत. पण त्यांच्या पोरांना "मूळचे कुठले" असं विचारून दर पाच वर्षांनी शिक्का मारावा लागत नाही. एकाच बाजारात भाजी घेणारे, एकाच काळात घर सोडून आलेले दोन समाज.

आता परदेशाचं सांगतो. माझा पुतण्या इंग्लंडात संगणकाच्या कामावर आहे. तिथं कामाच्या व्हिसावर सलग पाच वर्षं राहिलं, कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर गेलं नाही, भाषेची आणि तिथल्या जीवनाची परीक्षा पास झाली, की बेमुदत राहण्याची परवानगी मिळत आली आहे. माणूस भारताचाच नागरिक राहतो, पासपोर्ट आपलाच, आणि तरी तिथं राहणं पक्कं होतं. २०२५ साली तिथल्या सरकारनं त्या पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडला आणि घरोघरी त्याची चिंता सुरू झाली. आम्हीही केली. वहिनी फोनवर रडल्या. दहा वर्षं म्हणजे अन्याय, असं आमच्या घरात सगळे म्हणाले, मीही म्हणालो. त्याच संध्याकाळी मित्र आला होता, स्वेटरच्या गाठोड्याची दोरी मागायला. त्याची बायको नोव्हेंबर ते जानेवारी नागपुरात स्वेटर विकते. जास्त दिवस वसाहतीबाहेर राहायचं तर कार्यालयाला कळवावं लागतं. तो ऐकत बसला. "दहा वर्सं त लवकरच होतेत, गुर्जी," म्हणाला. माझ्या पुतण्याची त्याला खरोखर काळजी वाटत होती, म्हणून धीर देत होता.

मध्यममार्ग आपल्या देशाला माहीत नाही असं नाही. ३१ ऑगस्ट २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम निवासाचा दर्जा मंजूर केला. अठरा महिन्यांत दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये आणायचे, दर वर्षी किमान वीस भारतीयांना रोजगार द्यायचा, की दहा वर्षं राहता येतं, राहायला घर घेता येतं, पुन्हा वाढवताही येतं. म्हणजे "नागरिक नाही, पण राहण्याचा हक्क आहे" असा दर्जा आपल्या सरकारला कल्पिता येतो. मग तो पैशावर मिळतो तसा आयुष्यावर का मिळू नये? साठ वर्षांचे आयकर-बियकर माझ्याकडं लिहिलेले नाहीत, पण इटियाडोहच्या कालव्याची पाळी चुकली तेव्हा रात्री दोन वाजता कंदील घेऊन माझ्या बांधीत उभा राहिलेला माणूस मला माहीत आहे.

कुणी म्हणेल, मग नागरिकत्वच घ्या ना. हा मुद्दा सोपा नाही आणि इथं मला थोडं थांबून सांगायचं आहे. नोंदणी झालेल्या परदेशी माणसाला नागरिकत्व मिळवायचा एक रस्ता कायद्यात आहे : अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांतली मिळून अकरा वर्षं इथं राहिलेलं असावं. पण बेकायदा स्थलांतरित ठरलेल्याला तो रस्ता बंद. पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेशातून आलेल्या काही समाजांसाठी २०१९ च्या दुरुस्तीनं तो उघडला आणि अकराची पाच वर्षं केली. तिबेट त्या यादीत नाही. आणि ज्यांना जन्मानं नागरिकत्व आहे, त्यांच्यासाठी २०१७ साली पासपोर्ट देताना ज्या अटी सांगितल्या गेल्या त्यात एक अशी होती, की अर्जदार नेमलेल्या तिबेटी वसाहतीत राहत नसावा. म्हणजे या देशाचा म्हणवून घ्यायचं तर या देशातलं आपलं घर सोडायचं. नोंदणी प्रमाणपत्र परत करायचं, धर्मशाळेतून चालणाऱ्या तिबेटी निर्वासितांच्या प्रशासनाचे लाभ सोडायचे. वसाहतीतली जमीन कुणाच्या नावावर नाही, घराखालची जागाही नाही. सोडलं की गेलं. मित्राच्या आईची राख प्रतापगडच्या बाजूला उधळली आहे, तो जाणार कुठं?

दुसरंही आहे. त्याला नागरिकत्व नको आहे. हे ऐकून मला आधी राग आला होता. मी म्हणालो, तुला भारत आपला वाटत नाही का? तो म्हणाला, आईनं मरताना सांगितलं, आपण परत जाणार आहोत हे विसरू नको. मी कागदावर भारतीय झालो तर तिचं परत जाणं संपलं. त्याची मुलगी वेगळं म्हणते, तिला नागरिकत्व हवं आहे, तिला नर्सिंगची सरकारी नोकरी हवी होती. एकाच घरात दोन मतं. मला दोन्ही खरी वाटतात. आणि म्हणूनच मी नागरिकत्वाची सरसकट मागणी करत नाही. मी राहण्याच्या हक्काची मागणी करतो, जो दोघांनाही पुरेल.

आपण संसदेत हा प्रश्न मांडावा. जो माणूस या देशात नोंदणी होऊन वीस वर्षं राहिला, किंवा इथंच जन्मला आणि वाढला, त्याला कायम निवासाचा दर्जा कायद्यानं मिळावा, आदेशानं नव्हे. तो मुदतीचा नसावा. काढून घ्यायचा तर कारण लेखी द्यावं लागावं आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता यावी. ज्यांना जन्मानं नागरिकत्व आहे त्यांना ते मागताना वसाहत सोडायची अट कुठल्याही रूपात राहू नये. आणि तंबूत, रस्त्यावर जन्मलेल्यांसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून धरावी. वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं, आमच्या ग्रामसभांनी तसे दावे तयार केले आहेत. मग इथं का चालू नये?

सुरक्षेचा प्रश्न निघेल, चीनचं नाव निघेल. निघावं. पण ज्यांची प्रत्येक माणसागणिक नोंद सरकारकडं आहे, ज्यांचा पत्ता पन्नास वर्षं बदललेला नाही, त्यांच्याइतके ओळखीचे लोक सरकारला दुसरे कोण असणार? उरले तरी किती? २००९ साली तिबेटी प्रशासनानंच केलेल्या गणनेत भारतात ९४ हजारांच्या आसपास होते. त्यानंतर तरुण पोरं परदेशी जातच आहेत. आमच्या वसाहतीत दुपारी फिरलं तर म्हातारी माणसं आणि कुत्री दिसतात. मुलं का जातात विचारलं, तर उत्तर एकच येतं : तिकडं पाच-सहा वर्षांत काहीतरी पक्कं होतं.

मित्राची पुढची तारीख अजून चार वर्षांनी आहे. त्याच्या मुलीची मात्र येत्या फाल्गुनात, शिवरात्रीच्या यात्रेनंतर लगेच. मी तिच्यासोबत जाणार आहे. सकाळची अर्जुनीची गाडी. तिच्या बापाच्या जन्माविषयी माझ्या हातानं लिहिलेलं एक निवेदनही नेणार आहे. मला तंबू दिसलेला नाही, पण नऊ वर्षांचं पोर मला दिसलेलं आहे. ते घेतील की नाही माहीत नाही. आपल्यापैकी कुणी त्या दिवशी गोंदियात असाल तर खिडकीपाशी या. आम्ही अकरापर्यंत पोचतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया